फलकावरचा चेहरा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावणे धाडले, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा १९६९ च्या माथाडी कायद्यावर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. त्यात त्यांचे काही चुकले नाही. जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत आणि बाजारातल्या हमालांत ज्याचे आयुष्य गेले, त्याच्याकडून लोकांनी दुसरी अपेक्षा करावी तरी कशी? म्हणून 'संगणकावरील व्यक्तिचित्र' हा विषय आम्ही कळविला, तेव्हा चालकांपैकी एका गृहस्थांनी फोन करून, ऐकण्यात काही घोटाळा तर नाही ना, याची खात्री करून घेतली. घोटाळा नाही. आम्ही चित्रकार नव्हे. कोणत्याही कलाशाळेची पायरी आम्ही चढलेलो नाही. जे काही कळले ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि माणसांच्या तोंडाकडे पाहून. परंतु संघटना बांधणाऱ्याचे निम्मे काम तोंडे वाचण्याचेच असते. सभेत हात वर करणारा माणूस उद्या फाटकावर उभा राहील की नाही, हे त्याच्या हातावरून कळत नाही, चेहऱ्यावरून कळते. तेव्हा चेहरा हा आमचा जुना अभ्यासविषय आहे, असे म्हटले तर ती बढाई ठरू नये.

अमरावतीत राजकमल चौकातून इर्विन चौकाकडे पायी जावे, किंवा अकोल्यात टिळक रोडने एक फेरी मारावी, आणि डोक्यावर किती चेहरे टांगले आहेत ते मोजावे. पुढाऱ्यांचे वाढदिवस, दहावी-बारावीचे गुणवंत, शिकवणीचे वर्ग, तेरवीच्या श्रद्धांजल्या. फेब्रुवारीत शिवाजी महाराज आणि गाडगेबाबा, १४ एप्रिलला बाबासाहेब. श्रावणात पूर्णेचे पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराकडे निघतात, तेव्हा तर अकोल्यात मंडळामंडळाचे चेहरे. आपल्या बापजाद्यांनी जन्मभरात जेवढी चित्रे पाहिली नसतील, तेवढी आपण भाजी आणायला जाता-येता पाहतो. आणि घरी परतल्यावर त्यांतला एकही चेहरा आठवत नाही. असे का व्हावे, हा आजच्या भाषणाचा प्रश्न आहे.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत हे काम पेंटरचे होते. तो परांचीवर चढे, खडूच्या दोरीने भिंतीवर चौकटी पाडी, हातातल्या लहान फोटोवरही तितक्याच चौकटी आखी आणि एकेका चौकटीतले नाक-डोळे मोठे करून भिंतीवर उतरवी. मधूनच तो खाली उतरे, रस्ता ओलांडून पानठेल्यापाशी उभा राही आणि डोळे बारीक करून आपल्याच कामाकडे पाही. लोकांना वाटे, पेंटर विडी ओढायला आला. विडीसाठीही तो येत असे, ही गोष्ट खरी; पण डोळे बारीक करण्यात त्याच्या विद्येचे मर्म होते. डोळे किलकिले केले म्हणजे बारकावे पुसले जातात, आणि उजेड-अंधाराचे मोठमोठे तुकडे तेवढे उरतात. ते तुकडे बरोबर बसले तर माणूस ओळखू येतो. मग भुवईचा एखादा केस इकडचा तिकडे झाला तरी बिघडत नाही. या धंद्याला कोणी हलका समजू नये. एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवीत असत, आणि कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) नाटकांचे पडदे रंगविता रंगविता चित्रपट-दिग्दर्शक झाले.

पुढे फ्लेक्स आला. परांची गेली, रंगाचे डबे गेले, भिंतीवरचा पेंटर बसून राहिला. त्याचा मुलगा किंवा भाचा आज छपाईच्या दुकानात संगणकापुढे बसलेला असतो. कुणाजवळ नुसता माऊस, कुणाजवळ दाब ओळखणारी पेनाची पाटी. हीच मुले आमच्याकडे आली ती पगाराचे गाऱ्हाणे घेऊन. गाऱ्हाण्याची चौकशी करायची तर काम पाहिले पाहिजे. काम पाहावयास बसलो, आणि आमचे अर्धे लक्ष पगारावरून चित्राकडे गेले.

एक प्रसंग सांगतो. जिनिंगमध्ये गाठी बांधणारा एक कामगार वारला. घरात त्याचा फोटो एकच, ओळखपत्रावरचा, नखाएवढा. त्यावरून श्रद्धांजलीचा फलक तयार झाला. त्याची बायको फलकापुढे उभी राहिली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हे तं आमचे नोहत बाप्पा. यायले एवढं गोरं काहून केलं भाऊ?" काम करणारा मुलगा बिचारा वरमला. तो म्हणाला, "मावशी, सगळे गोरंच मांगतात."

तो खोटे बोलत नव्हता. गिऱ्हाईक खरोखरच तसे मागते, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे या मंडपात बसलेले आपण सर्वजण. म्हणून, 'आम्ही काही चित्रे काढीत नाही, मग हे आम्हांला कशाला', असे कोणी मनात म्हणत असेल, तर त्याने थोडा धीर धरावा.

त्या मुलाने काय केले होते? तीन गोष्टी. प्रथम सगळा चेहरा पुसट करून सुरकुत्या, देवीचे वण, कपाळावरची शीर काढून टाकली. मग सर्व चेहरा उजळ केला. चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा सपाट दिसू लागला, तेव्हा त्यात जीव आणावा म्हणून 'कॉन्ट्रास्ट' नावाची पट्टी उजवीकडे सरकवली. आता ही पट्टी काय करते? जे काळे आहे ते आणखी काळे, जे उजळ आहे ते आणखी उजळ; आणि हे चित्रभर सरसकट. तिला नाक कळत नाही, कान कळत नाही. केसांत जो तपकिरी अंधार होता तो डांबर झाला, कपाळावर जो उजेड होता तो चुना झाला, आणि ज्या मधल्या छटांनी गाल गालासारखा गोल दिसतो त्या छटा नाहीशा झाल्या. विरोध म्हणजे जोर नव्हे. विरोध म्हणजे कोठे किती आणि कोठे मुळीच नाही, याचा हिशेब. सभेतला वक्तासुद्धा सबंध दोन तास ओरडत राहिला तर त्याचे ओरडणे कोणाला ऐकू येत नाही.

खरी छाया पाहावयाची तर चित्रशाळेत जाण्याची गरज नाही. हिवाळ्यात सकाळी एखाद्या जिनिंगच्या शेडमध्ये जावे. आत अंधार, आणि उजेड येतो तो एकाच मोठ्या दारातून. दाराकडे तोंड करून उभी असलेली बाई पाहा. तिच्या कपाळावर, नाकाच्या दांडीवर, दाराकडच्या गालाच्या उंचवट्यावर उजेड आहे. पलीकडचा गाल अंधारात आहे, पण तो अंधार काळा नाही. तो तांबूस तपकिरी आहे आणि त्यात तिचा कान दिसतो. आणि एक मौज अशी की हनुवटीच्या खाली, जेथे सर्वांत जास्त अंधार असावा, तेथे मंद उजेड असतो. तो कोठून आला? पायाशी कापसाचा पांढरा ढीग पडलेला असतो, त्यावरून उजेड परत वर फेकला जातो. चित्रकार याला परावर्तित प्रकाश म्हणतात. हा उजेड कितीही झाला तरी तो सावलीच्या घरातला उजेड. दारातून येणाऱ्या उजेडाशी त्याने बरोबरी करता कामा नये. उजेडाचे कुटुंब एक, सावलीचे कुटुंब दुसरे. एका कुटुंबातली सर्वांत काळी व्यक्ती दुसऱ्या कुटुंबातल्या सर्वांत उजळ व्यक्तीपेक्षा उजळच असली पाहिजे, एवढा नियम पाळला तरी निम्मी चित्रे सुधारतील.

याच्या उलट वैशाखात भर बारा वाजता काढलेला फोटो पाहा. ऊन डोक्यावर, डोळ्यांच्या जागी दोन खळगे, नाकाखाली सावलीची मिशी. किंवा मोबाइलचा झोत समोरून टाकून घेतलेला फोटो पाहा : सावली अजिबात नाही, म्हणून नाकही नाही. दुकानात येणारे निम्मे फोटो या दोन जातींचे असतात. फोटो घेणाऱ्याने माणसाला दारात, उजेडाकडे जरा तिरके बसविले, तर पुढच्या माणसाचे अर्धे काम होऊन जाते. आपण घरी गेल्यावर आपल्या म्हाताऱ्या माणसांचा असा एक फोटो घेऊन ठेवावा, अशी आमची सूचना आहे. नखाएवढ्या ओळखपत्रावर कोणाची तेरवी होऊ नये.

छाया ही युरोपातून आलेली गोष्ट आहे आणि आपल्याकडे नुसती रेषा होती, असे पुष्कळ लोक समजतात. ते खरे नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणात चित्रसूत्र म्हणून एक भाग आहे. त्यात छायेला 'वर्तना' असा शब्द आहे आणि तिचे तीन प्रकार दिले आहेत : पत्रज, म्हणजे पानावरच्या शिरांसारख्या रेघांची, ऐरिक, म्हणजे अतिशय बारीक, आणि बिंदुज, म्हणजे ठिपक्यांची. हे तीन प्रकार म्हणजे कुंचला चालविण्याच्या तीन रीतीच आहेत. आज संगणकावर ब्रशांची जी यादी उघडते, तिच्यातले हे आमचे आद्य ब्रश म्हणावयास हरकत नाही. त्याच ग्रंथात असेही सांगितले आहे की आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणते छायेची करतात, आणि इतर लोकांना रंगांची रेलचेल आवडते. फ्लेक्सचा शोध लागण्यापूर्वी कितीतरी शतके हे कोणीतरी लिहून ठेवले, याचे आम्हांला राहून राहून नवल वाटते.

आणि अजिंठा तर वऱ्हाडच्या उंबरठ्यावर आहे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पुष्कळांनी पाहिला असेल. तिथल्या अंधारात नाक, ओठ आणि हनुवटी वर उचलून आल्यासारखी दिसतात, कारण भोवतालच्या रंगापेक्षा तेथे किंचित उजळ हात फिरविला आहे. त्या भिंतींवर सावळी माणसे आहेत, गडद माणसे आहेत. राण्या आहेत, दास-दासी आहेत. गडद रंगाच्या स्त्रीला राणीचा साज घालताना त्या चित्रकारांचा हात थबकला नाही. गोरे केल्याशिवाय माणूस देखणा होत नाही, हा सिद्धांत अजिंठ्याचा नव्हे. तो अलीकडचा आहे.

आता समुद्रापलीकडे जाऊ. हॉलंडमधला रेम्ब्रांट (१६०६–१६६९) हा छायाप्रकाशाचा मोठा उस्ताद. त्याचे १६६२ चे एक चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यात पाच माणसे टेबलाशी बसली आहेत आणि मागे बोडक्या डोक्याचा नोकर उभा आहे. ही माणसे कोण? राजे नव्हेत, सरदार नव्हेत. कापडाची प्रत तपासून शिक्का देणारे तपासनीस आहेत ते. आपल्याकडे कापसाचा ग्रेडर असतो ना, त्याच जातीचे. सगळ्यांचे कपडे काळे, मागची भिंत तपकिरी. विरोध आहे तो फक्त चेहरे आणि पांढऱ्या गळपट्ट्या एवढ्यांत. बाकी चित्रभर रेम्ब्रांटने आवाज खाली ठेवला आहे, म्हणून ते सहा चेहरे साडेतीनशे वर्षांनंतरही आपल्याकडे वळून पाहतात. एकजण तर खुर्चीवरून उठता उठता थांबला आहे, जणू आपण न विचारता खोलीत शिरलो.

दुसरे चित्र स्पेनच्या वेलास्केझचे, १६५० सालचे, आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असलेले. चित्र हुआन दे पारेहा नावाच्या माणसाचे. हा माणूस वेलास्केझच्या चित्रशाळेत मदतनीस होता, आणि कायद्याने त्याचा गुलाम होता. मालकाने आपल्या गुलामाला कसे रंगविले असेल? खांदा पुढे, मान ताठ, नजर सरळ. कातडी गडद तांबूस तपकिरी, कपाळावर उजेडाचा एक तुकडा, आणि गळ्याशी जाळीची पांढरी पट्टी. ती पट्टी पांढरी आहे म्हणून कातडीचा रंग खुलतो; कातडीला पांढरे करण्याची गरज पडत नाही. चेहऱ्याच्या गडदपणातच किती छटा आहेत ते पाहावे : गालावर लालसर, कपाळावर पिवळसर, दाढीखाली हिरवट करडी. हे चित्र रोममध्ये पॅन्थिऑन या इमारतीत लोकांपुढे मांडले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस वेलास्केझने त्याच्या मुक्ततेच्या कागदावर सही केली, आणि पुढे पारेहा स्वतः चित्रकार म्हणून जगला. चित्रामुळे मुक्ती मिळाली असे आम्ही म्हणत नाही; इतिहास इतका सोपा नसतो. पण ज्याला कायदा वस्तू म्हणत होता, त्याला चित्रात माणूस म्हणून बसविता आले, आणि ते रंग बदलून नव्हे तर रंग नीट पाहून. आमच्या संघटनेच्या कचेरीत या चित्राची एक प्रत लावलेली आहे. हे कोणते पुढारी, असे हमाल विचारतात.

आपल्या मराठी मुलखातही हे धडे आहेत. सावंतवाडीचे सां. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांचे दिवा घेतलेल्या तरुणीचे जलरंगातले चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. साल १९४५-४६. त्यांनी आपल्या मुलीला समोर उभे करून ते काढले. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा. बोटांतून लाल उजेड झिरपतो आहे आणि तोच चेहऱ्यावर पडतो आहे. अख्ख्या चित्रात दिवा एकच. आमच्या फ्लेक्सवर एका चेहऱ्याला चार बाजूंनी चार दिवे असतात, पाठीमागे सूर्यही उगवलेला असतो, आणि तरी अंधारल्यासारखे वाटते! गोमंतकातले आंतोनियो शाविएर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांना तर लोक पूर्वेचा रेम्ब्रांटच म्हणत. आणि हा वारसा आटलेला नाही : वासुदेव कामत यांनी आपल्या पत्नीचे जे व्यक्तिचित्र केले, त्याला २००६ साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

येथवर ऐकून संगणकावर काम करणारी मुले म्हणतील, उस्तादांचे खरे, पण आमच्या पडद्यावर हे आणायचे कसे? त्यांच्यासाठी जरा धंद्याच्या भाषेत बोलतो. इतरांनी सहन करावे.

पहिली गोष्ट, कोऱ्या पांढऱ्या पडद्यावर सुरुवात करू नये. पांढऱ्यावर ठेवलेला कोणताही रंग काळा भासतो, मग भीतीने माणूस सगळेच फिके करीत जातो. जुने उस्ताद आधी सगळ्या कापडाला तपकिरी किंवा करडा हात देत. तसा मधल्या छटेचा पडदा घ्यावा. मग उजेड वर चढवावा आणि अंधार खाली उतरवावा. दुसरी गोष्ट, आरंभी फक्त चार-पाच छटांत चेहरा बसवावा, तोही चित्र बोटभर लहान करून. एवढ्या लहानपणीच माणूस ओळखू आला पाहिजे. तिसरी, सर्वांत वर एक लेअर घेऊन तो काळ्याने भरावा आणि त्याची पद्धत 'कलर' अशी ठेवावी. खालचे सगळे रंग झाकले जातात, उजेड-अंधार तेवढा उरतो. दर थोड्या वेळाने तो उघडून पाहावा. पेंटर रस्त्यापलीकडे जाऊन डोळे बारीक करीत असे, त्याचीच ही बसल्या जागची सोय. चित्र आडवे उलटे करून, म्हणजे आरशात पाहिल्यासारखे, पाहण्याचीही सवय ठेवावी. वाकडे नाक ताबडतोब चहाडी करते. आणि उजळ करण्यासाठी पांढरा, गडद करण्यासाठी काळा, ही सवय सोडावी. त्याने कातडीवर राख फासल्यासारखी दिसते. दारातला उजेड थोडा थंड असेल तर सावली ऊबदार असते. दिव्याचा उजेड ऊबदार असेल तर सावली थंडाईकडे झुकते. आणि पडदा स्वतः उजेड फेकतो, फ्लेक्स फेकीत नाही, हे विसरू नये. पडद्यावर मोत्यासारखे दिसलेले चौकात मळकट दिसते.

आता कुंचला. संगणकातला सर्वांत घातक कुंचला म्हणजे तो मऊ, धुरासारखा ब्रश. तो आळशाला फार आवडतो, कारण त्याने कोणताच निर्णय घ्यावा लागत नाही. गाल कोठे संपला आणि जबडा कोठे सुरू झाला, हे न ठरविताच धूर सोडून मोकळे होता येते. त्याऐवजी कडेला स्पष्ट असणारा, रुंद आणि पेनाच्या दाबाने दाट-विरळ होणारा एकच ब्रश घ्यावा आणि निम्मे काम त्यानेच करावे. प्रत्येक फटकारा हाडाच्या वळणाने जावा : कपाळावर आडवा गोल, गालावर कानाकडून तोंडाकडे उतरता, नाकाच्या बाजूवर सरळ खाली. केस मोजून काढू नयेत. आधी केसांचा गठ्ठा काढावा, मग त्यावर उजेडाची एक पट्टी, आणि शेवटी चार सुटे केस. रेम्ब्रांट उजेडात रंग जाड थापीत असे आणि सावलीत पातळ ठेवी. संगणकावर रंगाला जाडी नसते, पण नियम तोच चालतो : उजेडात ठाम, न मिसळलेले फटकारे, सावलीत पारदर्शक, शांत हात. सगळीकडे सारख्याच कष्टाने काम करणे हे आमच्या धंद्यात प्रामाणिकपणाचे लक्षण असेल, चित्रात नाही.

कडांविषयी एकच उदाहरण देतो. व्हर्मीरचे मोत्याच्या डुलाचे चित्र आता सर्वांना ठाऊक आहे. ते १६६५ च्या सुमाराचे. त्या मुलीच्या नाकाची दांडी आणि पलीकडचा गाल यांच्यामध्ये रेषाच नाही. एका रंगातून दुसऱ्यात नाक विरून जाते, आणि तरी नाक दिसते. ते आपले डोळे पुरे करतात. तो मोतीही तसाच. हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयाने त्या चित्राची कसून तपासणी केली आणि २०२० मध्ये निष्कर्ष जाहीर केले. मोत्याला अडकवायची आकडीसुद्धा काढलेली नाही. पांढऱ्या रंगाचे काही स्पर्श तेवढे आहेत, आणि मोती पाहणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो.

उस्तादांचा अभ्यास म्हणजे काय? त्यांची चित्रे भिंतीवर चिकटविणे नव्हे, नकला करणे. नक्कल या शब्दाला शहाणे लोक नाक मुरडतात. पण खुद्द रेम्ब्रांटने काय केले? उतारवयात, १६५६ ते १६६१ च्या सुमारास, त्याने आपल्या हिंदुस्थानातल्या मोगल चित्रांच्या नकला काढल्या. त्यांतल्या वीसहून अधिक आजही शिल्लक आहेत. हा माणूस कधी हॉलंडबाहेर गेला नाही, आणि तरी जहाजाने आलेल्या दिल्ली-आग्र्याच्या चित्रांपुढे बसून तो शाहजहानची पगडी शिकत होता. त्याने आपल्यापासून शिकावे आणि आपण त्याच्यापासून शिकू नये, असा काही करार नाही.

पूर्वी हे शिक्षण श्रीमंताला शक्य होते. आज राइक्सम्युझियमने आपल्या चित्रांच्या मोठ्या प्रती फुकट खुल्या केल्या आहेत. १६४२ च्या 'रात्रीचा पहारा' या चित्राची २०२२ साली त्यांनी जी प्रत प्रसिद्ध केली, तीत रंगाचा एकेक कण आणि प्रत्येक भेग दिसते. क्रिटासारखी रंगविण्याची प्रणालीही फुकट मिळते. तेव्हा साधन नाही, ही सबब उरली नाही. अभ्यास असा करावा : एक चित्र घ्यावे, पहिल्या दिवशी फक्त चार छटांत उतरवावे, दुसऱ्या दिवशी रंगात, तिसऱ्या दिवशी मूळ चित्र बंद करून आठवणीने. मूळ चित्रातला रंग उचलून देणारी जी पिचकारी संगणकात असते, तिला काम संपेपर्यंत हात लावू नये. काम संपल्यावर मात्र तिने ताळा पाहावा. तेव्हा कळते की ज्याला आपण डोळ्याचे पांढरे समजत होतो ते मातकट करडे आहे, आणि रेम्ब्रांटची पांढरीशुभ्र गळपट्टी बरीचशी गव्हाच्या रंगाची आहे. हा धक्का ज्याने एकदा खाल्ला, त्याचा डोळा पुन्हा पहिल्यासारखा राहत नाही.

मग आपल्या माणसांकडे यावे. गाडगेबाबांचे फोटो आहेत. २३ फेब्रुवारी १८७६ ला शेणगावात जन्मलेला आणि जन्मभर उन्हातान्हात गावे झाडीत फिरलेला हा माणूस. त्या कपाळावरच्या आठ्या, ती रापलेली कातडी, ती विस्कटलेली दाढी, हेच त्यांचे चरित्र आहे. फलकावर त्यांना गुळगुळीत आणि गुलाबी केले की उरते काय? एखादा सुखवस्तू आजोबा. कीर्तनात जो माणूस देवाच्या नावाने बोकड मारणाऱ्यांना भर सभेत आडवे-तिडवे प्रश्न विचारी, तो या गुलाबी आजोबांत कोठेच नाही. सुरकुती ही घाण नव्हे की झाडूने काढून टाकावी. बाबांचा झाडू त्यासाठी नव्हता.

यावर दुकानातल्या मुलांचे उत्तर आम्हांला ठाऊक आहे, आणि ते उत्तर बरोबर आहे. ते म्हणतात, साहेब, तुमचा रेम्ब्रांट एका चेहऱ्याला महिने घेत असेल; आम्हांला संध्याकाळपर्यंत इतके फलक छापायला द्यायचे असतात, की चेहऱ्याच्या वाट्याला दहा मिनिटे येतात. मालकालाही दोष देऊन भागत नाही. समोरच्या दुकानाने भाव पाडलेला असतो. फलकाचा भाव चौरस फुटावर ठरतो. कापड, शाई, छपाई सगळे त्यात धरतात. चेहऱ्याची किंमत त्यात कोठेच नसते. म्हणून आम्ही दोन गोष्टी मागत आहोत. जेथे छापील फोटो नुसता चिकटवायचा असेल तेथे नेहमीचा दर असो. परंतु जेथे मुलाने चेहरा हाताने रंगविला आहे, तेथे चेहऱ्याचा निराळा दर असावा आणि त्याचा ठरीव हिस्सा मुलाच्या हातात पडावा. आणि कामाच्या वेळातून रोज अर्धा तास अभ्यासासाठी सुटावा. अकोल्यातल्या दोन दुकानदारांनी पहिली गोष्ट मनावर घेतली आहे. दुसरीला अजून कोणी तयार नाही.

हल्ली यंत्राला चार शब्द सांगितले की तेच चेहरा तयार करून देते, मग तुमची ही खटपट कशाला, असेही विचारणारे भेटतात. आम्ही यंत्र फोडणाऱ्यांतले नव्हे. ज्या मुलाला छाया समजते, त्याला ते यंत्रही उपयोगी पडेल. पण ते लाखो चित्रे पाहून शिकलेले असते आणि त्या लाखोंना शोभेल असा चेहरा देते. त्या बाईला लाखोंतला चेहरा नको होता. तिचा नवरा डाव्या भुवईत वण असलेला होता, आणि तो वण कोठे होता हे तिने बोट ठेवून दाखविले. मुलाने पुन्हा बसून तो चेहरा केला. ओळखपत्राच्या फोटोत वण दिसत नव्हता. तो तिने सांगितला तेथे, सावलीच्या कडेवर, एका फटकाऱ्याने घातला. रंगही खाली उतरवला. त्या रात्री त्याला जादा कामाचे पैसे मिळाले नाहीत, हे आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवले आहे.

आता गिऱ्हाइकांना, म्हणजे आपल्याला, एक विनंती. पुढच्या वेळी फलक सांगावयास जाल तेव्हा 'जरा उजळ करा' हे शब्द उच्चारू नका. त्याऐवजी माणसाविषयी काही सांगा : हसताना एक डोळा बारीक होत असे, कानावर केस होते, उन्हात काम केल्याने मान चेहऱ्यापेक्षा काळी होती. मुलाला त्याचा उपयोग होतो.

आणि मुलांसाठी : दर रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या कचेरीत बैठक असते. या रविवारी पारेहाचे चित्र चार छटांत करावयाचे आहे. पडदा एकच आहे, म्हणून पाळीपाळीने बसावे लागेल. ज्यांच्याजवळ पेनाची पाटी असेल त्यांनी ती बरोबर आणावी, आणि ज्यांच्याजवळ नसेल त्यांनी कोळशाचा तुकडा आणि तपकिरी कागद आणला तरी चालेल.